दिवा जरा बारीक कर

आमच्या लहानपणी तिन्हीसांजेनंतर घरात एक वाक्य हटकून ऐकू येई. 'दिवा जरा बारीक कर.' जेवणे आटोपली, अंथरुणे पडली, एखादे मूल झोपेला आले, की कुणीतरी कोपऱ्यातून हे म्हणे आणि कुणीतरी उठून कंदिलाची चावी फिरवी. पुढे घरात वीज आली, आणि हे वाक्य कधी नाहीसे झाले ते कुणाच्या ध्यानातही आले नाही. विजेचा दिवा एकतर असतो, नाहीतर नसतो; त्याला बारीक होणे ठाऊक नाही. निदान मी तरी तसे समजत होतो.

गेल्या दिवाळीत सांगलीला काकूंकडे गेलो आणि माझी ही समजूत फिरली.

काकू आता ८९ वर्षांच्या आहेत. त्यांना भेट म्हणून मिठाई न्यावी तर साखरेचे पथ्य. साडी न्यावी तर 'कपाटातल्या नेसायला हा जन्म पुरायचा नाही' असे त्यांनीच मागल्या खेपेस बजावलेले. म्हणून मी एलईडी दिव्यांचा एक खोका नेला. नऊ-नऊ वॅटचे आठ दिवे. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पोहोचलो, चहा घेतला आणि स्टुलावर चढून घरातले सगळे जुने, पोटात तार असलेले बल्ब उतरवून नवे चढवले. काकू खालून स्टूल धरून उभ्या. घर उजळले. आपण फार मोठे पुण्यकर्म केले अशा थाटात मी जेवायला बसलो.

त्या रात्री दोन चमत्कार झाले.

बैठकीच्या खोलीत काकांनी फार वर्षांपूर्वी बसवलेले एक गोल बटण आहे. ते फिरवले की उजेड कमीजास्त होतो. नवा दिवा त्या बटणावर लागताच भुंग्यासारखा गुणगुणू लागला. बटण अर्ध्यावर आणले तसा थरथरू लागला, आणि पाव वाटेवर तर लग्नघरातल्या माळेसारखी त्याची उघडझाप सुरू झाली. दुसरा चमत्कार न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळात. तिथले बटण बंद केले, तरी दिवा पुरता मालवला नाही. काजव्याच्या पोटात असावा तसा फिकट उजेड त्यात शिल्लक राहिला.

काकू कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "अरे, हा मालवत कसा नाही?" मग जरा थांबून, "राहू दे. रात्रीचं उठावं लागतं मला. तेवढीच सोबत."

काकांना जाऊन ११ वर्षे झाली. मी पुढे काही बोललो नाही.

वायरमनला निरोप धाडला, तर उत्तर आले की पाडव्याशिवाय सवड नाही. दिवाळीत वायरमन म्हणजे लग्नसराईतला भटजी. मी पेशाने इतिहासाचा मास्तर. वीज हा माझा विषय नव्हे. परंतु काका शाळेत विज्ञान शिकवीत आणि त्यांचे पुस्तकांचे कपाट काकूंनी जसेच्या तसे ठेवले आहे. तिथून जे वाचायला लागलो ते वर्षभर वाचतच राहिलो. दिवा कसा लावावा याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. दिवा बारीक कसा करावा याचाही एक इतिहास आहे, आणि तो त्याहून गमतीचा आहे.

तेलाच्या दिव्याची गोष्ट साधी होती. वात पुढे सारली की ज्योत वाढते, मागे घेतली की लहान होते. समईत पाच वाती असतात. उजेड थोडा पुरे असेल तर एकच लावावी. आपल्या बायकांनी तर या कामासाठी भाषासुद्धा वेगळी राखली. दिवा विझला म्हणायचे नाही. तो मालवला, शांत झाला, त्याला निरोप दिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस जिनिव्हाच्या आर्गां नावाच्या गृहस्थाने पोकळ वात, भोवती काच आणि वात वरखाली करण्याची सोय असलेला दिवा तयार केला. आपल्या कंदिलाची चावी त्याच घराण्यातली.

उजेडाच्या कमीजास्तपणाची खरी निकड भासली ती नाटकवाल्यांना. घरात रात्र आपोआप होते, रंगभूमीवर ती करावी लागते. इटलीत निकोला साब्बातीनी नावाच्या कारागिराने १६३८ साली नाटकाच्या यंत्रांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याने सांगितलेली युक्ती अशी, की प्रत्येक मेणबत्तीच्या डोक्यावर पत्र्याचा एक पोकळ डबा दोरीने टांगावा आणि रात्र हवी झाली की सगळ्या दोऱ्या एकदम सैल सोडाव्यात. डबे खाली उतरतात, मेणबत्त्या झाकल्या जातात, रात्र होते. दोऱ्या ओढल्या की पहाट. ज्योत जशीच्या तशी जळत असते, फक्त ती आपल्याला दिसत नाही. ही युक्ती ध्यानात ठेवावी, पुढे ती निराळ्या वेषात भेटणार आहे.

मग गॅस आला. मुंबईच्या रस्त्यांवर तो १८६५ साली आला. नाटकगृहांना त्याचा मोठाच उपयोग झाला, कारण सगळ्या नळ्या एका ठिकाणी आणून तोट्या बसवल्या की एकाच माणसाला सबंध रंगमंचाचा उजेड आवळता किंवा सोडता येई. तोटी जरा जास्त आवळली गेली तर मात्र दिवा विझे आणि गॅस तसाच सुटत राही. किती नाटकगृहे जळली त्याला गणती नाही.

विजेचा दिवा आला तो या आगीच्या भीतीवर उतारा म्हणून. इंग्लंडात जोसेफ स्वान आणि अमेरिकेत थॉमस एडिसन या दोघांनी १८७८-७९ च्या सुमारास, जवळजवळ एकाच वेळी, काचेच्या निर्वात गोळ्यात जळका धागा तापवून उजेड काढला. एडिसनचा धागा प्रथम सुताचा होता, पुढे जपानातल्या बांबूच्या तंतूचा. लंडनमध्ये १० ऑक्टोबर १८८१ रोजी सॅव्हॉय नाट्यगृह उघडले, त्यात स्वानचे सुमारे १,२०० दिवे होते. तरी गॅसची जोडणी शेजारी तयार ठेवलेलीच होती. नव्या सुनेवर पहिल्याच दिवशी घर कोण टाकतो! डिसेंबरात रंगमंचही विजेवर आला. त्या वेळी मालक डॉयली कार्ट स्वतः प्रेक्षकांपुढे आले, एक पेटता दिवा त्यांनी मलमलीच्या फडक्यात गुंडाळला आणि तो फोडला. फडके करपलेसुद्धा नाही. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला म्हणतात. मुंबईला विजेच्या दिव्याची ओळख १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात झाली. पण कंपनी लवकरच बुडाली आणि मंडई मुकाट्याने पुन्हा गॅसवर गेली.

हा नवा दिवा बारीक कसा करायचा? त्याला वात नाही की तोटी नाही. उपाय एकच सुचला, तो म्हणजे विजेच्या वाटेत अडथळा घालायचा. लांबलचक तारेचे वेटोळे मध्ये बसवले की तितकी वीज त्या तारेला तापवण्यात खर्च होते आणि दिव्यापर्यंत कमी पोहोचते. उजेड कमी होतो, पण वाचलेली वीज वाचत नाही. ती शेजारी उष्णता होऊन बसते. आपल्याकडे पंख्याचा जुना रेग्युलेटर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. भिंतीवरचा तो चौकोनी काळा डबा, एकवर ठेवला की हात लावता येणार नाही असा तापे. आजोबा 'पंखा एकवर ठेवा, बिल येतं' म्हणत. पण डबा जितका तापे तितकी वीज मीटरवर चढतच असे.

नाटकमंडळ्यांना तारेची वेटोळी महाग पडत. त्यांनी मीठ वापरले.

हे मी वाचलेले सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. सांगली हे नाटकाचे माहेर. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' इथेच केले. १९५४ मध्ये राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली आणि गावोगावच्या हौशी मंडळींना उधाण आले. काका अशाच एका मंडळीत प्रकाशयोजना सांभाळीत. आठ-दहा वर्षांचा मी, विंगेत एका खोक्यावर बसलेला असे. माझ्यासमोर मोरीसाठी वापरतात तसले भाजलेल्या मातीचे चार नळ, बुडे सिमेंटने बंद केलेली, आत मिठाचे पाणी. तळाशी लोखंडी पत्रा, आणि वरून दोरीने सोडलेला दुसरा पत्रा. दोन पत्रे जवळ आणले की पाण्यातून वीज अधिक जाते, दिवा उजळतो. दूर नेले की मंद होतो. वरचा पत्रा पाण्याबाहेर काढला की काळोख. साब्बातीनीच्या दोऱ्याच त्या, फक्त दोरीला टांगलेला पत्रा आता उलट काम करीत होता. तिसऱ्या अंकापर्यंत पाणी तापून त्याला बुडबुडे येत आणि विंगेत वरणाला उकळी फुटावी तसा आवाज होई.

एके वर्षी अशाच एका प्रयोगात काकांचा ओला हात नको तिथे लागला. ते फेकले गेले आणि पडद्यामागच्या फळ्यांवर निपचित पडले. नायक पुढे स्वगत म्हणत होता, ते त्याने पूर्ण केले. काकांनी दहा मिनिटांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "संध्याकाळ झाली का?" त्यांना चौथ्या प्रवेशातली संध्याकाळ म्हणायची होती. काकूंना हे घरी कळले तेव्हा त्यांनी दोन दिवस अन्न घेतले नाही. पुन्हा मिठाच्या नळाला हात लावणार नाही असे काकांकडून वदवून घेतले, तेव्हा कुठे त्या जेवल्या.

आता १९५९ सालाकडे या. त्या वर्षी कलकत्त्याला मिनर्व्हा नाट्यगृहात उत्पल दत्त यांनी 'अंगार' हे कोळशाच्या खाणीवरचे नाटक केले. शेवटी खाणीत पाणी शिरते आणि मजूर बुडतात. तापस सेन यांनी ते पाणी नुसत्या उजेडाने उभे केले. प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत खाण उजेडात बुडत गेली. आणि त्याच १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये जोएल स्पायरा नावाचा एक तरुण पदार्थवैज्ञानिक आपल्या बिऱ्हाडातल्या जादा खोलीत बसून घरगुती दिवा बारीक करण्याचे बटण जुळवीत होता. तोवर असली साधने घराघरांत शिरण्याजोगी नव्हती. ती अवजड असत, तापत, भिंतीतल्या नेहमीच्या खोबणीत मावत नसत. स्पायराचे बटण मावले. १९६१ मध्ये त्याने आणि त्याच्या पत्नीने मिळून कंपनी काढली, १९६२ मध्ये पेटंट मिळाले.

त्याच्या हाताशी एक नवी वस्तू होती, थायरिस्टर. १९५७ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ती तयार झाली. तिचे काम समजले की माझ्या दिव्याचे दुखणेही समजते, म्हणून इथे थोडे थांबतो. आपल्या घरातली वीज नळाच्या पाण्यासारखी एकसारखी वाहत नाही. ती सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते, म्हणजे १०० लाटा येतात. थायरिस्टर म्हणजे या लाटांच्या वाटेवरचे एक दार. ते वीज अडवून तापवीत बसत नाही, प्रत्येक लाटेला दार थोडे उशिरा उघडते, एवढेच. निम्मी लाट गेल्यावर उघडले तर दिव्याला निम्मी लाट मिळते. साब्बातीनीने मेणबत्ती झाकली, याने लाट झाकली, आणि तीही सेकंदाला १०० वेळा.

इतकी तोडातोड होऊनही जुना बल्ब लुकलुकत कसा नाही? कारण त्याची तार सुमारे अडीच हजार अंशांपर्यंत तापलेली असते आणि इतकी तापलेली वस्तू क्षणार्धात थंड होत नाही. तव्याखालचा जाळ पळभर कमी झाला म्हणून भाकरी भाजायची थांबत नाही, तसेच. एवढेच नव्हे, कमी तापलेली तार जास्त जगते. अमेरिकेत लिव्हरमोर गावच्या आगीच्या बंबाच्या ठाण्यात १९०१ सालचा एक बल्ब अजून जळतो आहे. त्याचा उजेड चार वॅटच्या दिव्याएवढा, अगदी मिणमिणता. त्याच्या दीर्घायुष्याचे गुपित त्यातच आहे.

या दाराची घडण सुधारण्यात आणि पुढे ते दोन्ही बाजूंनी उघडणारे करण्यात ज्यांचा हात होता त्यांपैकी एक निक होलोनियाक. त्यांची गोष्ट मला फार आवडली. वडील युरोपातून इलिनॉय राज्यात आलेले, कोळशाच्या खाणीत कामाला. निकचा जन्म १९२८ चा. शाळा शिकणारा तो घरातला पहिलाच. तरुणपणी रेल्वेच्या मजुरीवर असताना एकदा सलग ३० तास काम पडले, तेव्हा त्याने ठरवले की हे पुरे, आता शिकायचे. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत थायरिस्टरवर काम झाल्यावर या माणसाने ९ ऑक्टोबर १९६२ रोजी एका बारीकशा स्फटिकातून डोळ्यांना दिसणारा लाल उजेड काढून दाखवला. आज आपण ज्याला एलईडी म्हणतो, त्यातला डोळ्यांना दिसणारा आणि कामाचा असा हा पहिलाच.

म्हणजे दिवा बारीक करणाऱ्या बटणाचे कूळ आणि एलईडीचे कूळ एकाच माणसाच्या हातावरून गेले आहे. दोघे एका घरचे. आणि साठ वर्षांनी सांगलीच्या एका बैठकीच्या खोलीत त्यांचे पटत नव्हते!

भांडणाचे कारण असे. थायरिस्टरचे दार एकदा उघडले की पुरेशी ये-जा चालू असेल तोवरच उघडे राहते. वर्दळ विरळ झाली की ते आपोआप मिटते. साठ वॅटच्या बल्बाची वर्दळ त्याला पुरे होई. माझा दिवा नऊ वॅटचा, त्याची वर्दळ ती केवढी? दार उघडते, लगेच मिटते, पुन्हा उघडते. त्यात एलईडीला तापलेल्या तारेसारखी ऊब नाही. वीज थांबली की उजेड थांबला. त्याच्या बुडाशी जे छोटेसे विद्युत्-मंडळ असते, ज्याला वायरमन 'ड्रायव्हर' म्हणतात, ते एकसारख्या विजेची अपेक्षा करते आणि तुटक्या लाटा आल्या की गुणगुणते. म्हणून बारीक होऊ शकणारे एलईडी वेगळे मिळतात आणि त्यांच्या खोक्यावर तसे छापलेले असते. माझ्या खोक्यावर छापले होते की हा दिवा तसा नाही. ते मी वाचले होते का? नाही. मास्तर मंडळी इतरांना वाचायला सांगतात.

होलोनियाकांचा लाल उजेड बरीच वर्षे रेडिओवरच्या ठिपक्यापलीकडे गेला नाही. पांढरा उजेड हवा तर निळा हवा, आणि निळा काही निघेना. नागोया विद्यापीठातले इसामु अकासाकी आणि त्यांचे शिष्य हिरोशी अमानो यांनी, आणि वेगळ्या वाटेने शिकोकू बेटावरच्या निचिया कंपनीतले शुजी नाकामुरा यांनी तो गॅलियम नायट्राइडमधून काढला. नाकामुरांचा झगझगीत निळा दिवा १९९३ चा. त्यावर पिवळसर उजेड देणाऱ्या द्रव्याचा लेप दिला की डोळ्यांना पांढरे दिसते. आपल्या घरातला पांढरा एलईडी पोटात निळाच असतो. नाकामुरांना कंपनीने प्रथम बक्षीस दिले ते २०,००० येन. पुढे प्रकरण कोर्टात गेले, २००४ मध्ये कोर्टाने २० अब्ज येन द्या म्हटले आणि २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनांवर तडजोड झाली. २०१४ चे नोबेल या तिघांना मिळाले. होलोनियाक त्यात नव्हते आणि त्यांनी आपली नाराजी लपवली नाही. २०२२ साली ते वारले.

आपल्याकडे या दिव्याला घरोघर नेले ते स्वस्ताईने. सरकारी खरेदीत जानेवारी २०१४ मध्ये एका दिव्याला ३१० रुपये पडत होते, ते २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आले. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. एक गोष्ट मात्र मला हसू आणते. आपण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या 'झिरोचा बल्ब' म्हणत आलो, तो शून्य वॅटचा कधीच नव्हता. १२ ते १५ वॅट खातो. रात्रभर तो मिणमिणता ठेवण्यापेक्षा माझा लखलखीत एलईडी कमी वीज घेतो.

पाडव्याला सकाळी वायरमन आला. विशीपंचविशीचा पोरगा, कानात बाळी. त्याने बैठकीतला दिवा ऐकला, हसला आणि म्हणाला, "ह्याला डिमरचा बल्ब पाहिजे काका. नाहीतर डिमर तरी बदला." स्वयंपाकघरातला एक दिवा मधूनच लुकलुकत होता, तिथे त्याने दिवा काढून होल्डरच्या दोन पिना बोटाने दाबून दाखवल्या. एक वर यायची, दुसरी रुसून आतच बसायची. जुन्या बल्बांच्या तापाने तिची स्प्रिंग मेली होती. होल्डर बदलला, काम झाले. देवघरातल्या बंद काचेच्या गोळ्यात मी नवा दिवा कोंबला होता, तो त्याने काढायला लावला. "ह्यात हवा नाही, ड्रायव्हर शिजतोय." एलईडीला आच सोसत नाही, हे वाचून मला ठाऊक झाले होते, पण गोळ्याकडे माझे लक्ष गेले नव्हते.

मग तो बोळात आला. बटण बंद केले, दिवा तसाच फिकट. तो हसला नाही. स्टुलावर चढला, दिवा उतरवला आणि बटण बंद असतानाच होल्डरच्या पिनेला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"आजी, हे उलटं जोडलंय बघा की. बटण न्यूट्रलवर हाय. फेज सरळ दिव्याला."

मला समजायला क्षणभर लागला. घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एक जिवंत, तिला फेज म्हणतात. दुसरी परतीची, न्यूट्रल. बटणाने जिवंत तार तोडायची असते. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतही एकट्या न्यूट्रलवर बटण नसावे असेच होते. इथे कुणीतरी, केव्हातरी, घाईत ते परतीच्या तारेवर बसवले होते. बटण बंद केले की दिवा मालवे, पण होल्डरमध्ये वीज जिवंतच राही. भिंतीवर लाकडी पट्टीत शेजारी शेजारी धावणाऱ्या तारांमधून, एकमेकींना न शिवताही, कणभर वीज झिरपत असते. जुन्या बल्बाला त्या कणभराचे काहीच वाटत नव्हते. त्याची तार तेवढ्याने कोमटसुद्धा होत नाही. एलईडीला ती पुरली. जुन्या बल्बाने आमच्या घरात जे पन्नास-साठ वर्षे झाकून ठेवले, ते या नव्या दिव्याने पहिल्याच रात्री सांगितले. (सगळ्याच न मालवणाऱ्या दिव्यांचे हेच कारण असते असे नाही. बटणावर लाल ठिपक्याचा दिवा असला तरी त्यातून झिरपणाऱ्या विजेने एलईडी मंद जळतो, किंवा राहून राहून लुकलुकतो. तिथे सहसा तेवढा ठिपका काढून टाकला की भागते. पण कोणते कारण आहे ते टेस्टरवाल्याने पाहावे, आपण नव्हे.)

पोरगा खाली उतरला. "आजी, हा होल्डर कधी पुसता का?"

"न पुसायला काय झालं? दर दिवाळीला पुसते. कोळिष्टकं असतात. ओल्या फडक्यानं."

"आणि बटण?"

"बंद करूनच रे बाबा. तेवढं कळतं मला. ह्यांना एकदा झटका बसला होता, तेव्हापासून मी बटण बंद केल्याशिवाय दिव्याला हात लावत नाही."

पोरगा माझ्याकडे बघत राहिला. मी काकूंच्या हातांकडे बघत होतो. काकांच्या हाताला मिठाच्या नळाची बंदी घालणारे ते हात, पन्नास दिवाळ्या स्टुलावर चढून ओल्या फडक्याने ती पिन पुसत आले होते. कशाने वाचले? स्टुलाचे कोरडे लाकूड, फडक्याची जाडी, आणि काय ते आपण म्हणू.

त्याने मीटरचे बटण ओढले, बोळातल्या बटणाच्या पाठीमागच्या तारा सोडवून फेज बटणावर घेतली, पुन्हा टेस्टर लावून दाखवला. बाकीची बटणेही एकेक करून तपासली. आणखी एक तसेच निघाले, माळ्यावरचे. बोळातला दिवा आता बटण बंद करताच पुरता मालवला. काकू दारात उभ्या राहून त्या काळोखाकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारले, "रात्री मी कशी जाऊ?" पोरग्याने पिशवीतून अर्ध्या वॅटचा एक चिमुकला दिवा काढला, बोळातल्या सॉकेटमध्ये खोचला आणि त्याचे पैसे घ्यायला नाही म्हणाला. काकूंनी त्याच्या हातावर दोन करंज्या आणि शंभराची नोट ठेवली.

राहिला बैठकीतला दिवा. मी म्हटले, "काकू, हे बटण काढून साधं बसवू. किंवा नव्या तऱ्हेचं मागवतो पुण्याहून."

"ते काढायचं नाही," त्या म्हणाल्या.

ते बटण काकांनी १९७८ साली घरी केलेले. मिठाच्या नळाला हात लावणार नाही हा शब्द त्यांनी पाळला होता, पण उजेडाचे वेड कुठे जाणार? मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून त्यांनी पाकिटात घालून सुटे भाग आणले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर जोडणी केली. कपाटातल्या वहीत त्याची आकृती आहे, खाली तारीख आणि 'यात पाणी नाही' अशी एक ओळ. ती कुणासाठी लिहिली ते सांगायला नको.

मी उतरवलेले जुने बल्ब काकूंनी टाकले नव्हते, वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली ठेवले होते. त्यातला साठचा एक काढला, पुसला आणि बैठकीत चढवला. घरात सात दिवे नवे, एक जुना.

भाऊबीजेच्या संध्याकाळी सगळी आली होती. ओवाळून झाले, जेवणे झाली, पोरे गाद्यांवर लोळत पडली. काकू आरामखुर्चीत. कुणीतरी गोष्ट सांगा म्हणाले, कुणीतरी पेंगू लागले.

"बापू," काकू म्हणाल्या, "दिवा जरा बारीक कर."

मी उठलो आणि बटण पाव वाटेवर आणले. दिवा पिवळा झाला, तांबूस झाला आणि तसाच स्थिर राहिला.